डावीकडचा पाचवा दात

कार्प माशाच्या जबड्यात एकही दात नसतो, हे काटेमावशींना नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात कळलं, आणि त्यावर विश्वास बसायला पुढचं वर्ष गेलं. दात घशात असतात, असं प्राणिशास्त्राच्या सरांनी सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं, शिकलेली माणसं आपली फिरकी घेतायत. मग सरांनी उकडलेल्या माशाचं डोकं उलटं केलं, कल्ल्यांच्या मागे चिमटा घातला आणि स्वल्पविरामासारखी दोन वाकडी हाडं काढून मावशींच्या तळहातावर ठेवली. दोन्हींवर ओळीनं बसलेले बारीक दात होते.

"मग हा चावतो कधी?" मावशींनी विचारलं.

"गिळताना," सर म्हणाले. "तोंडातले दात यांच्या पूर्वजांनी कधीच टाकून दिले. घशातले ठेवले. माणसाचा पत्ता घराच्या दारावर असतो, कार्पचा घशात. कोण कुठल्या घराण्यातला, ते दात मोजल्याशिवाय कळत नाही."

खरं तर मावशी विभागात झाडलोट करायला लागल्या होत्या. वय सत्तावीस, नवरा ट्रकवर, पदरात चार वर्षांची लेक. एका दुपारी त्या फडकं घेऊन खोलीत शिरल्या, तर तीन विद्यार्थी एका माशाच्या डोक्याशी झटापट करत होते आणि हाडांचा भुगा होत चालला होता. मावशींना राहवलं नाही. "सरका बाजूला," म्हणाल्या, आणि केसांतली पिन काढून बसल्या. कार्पच्या मांसात दोन फाटे फुटलेले काटे शेकड्यानं असतात, आणि लेकीला मासा भरवताना आजवर तिच्या घशात एक काटा गेला नव्हता, एवढंच काय ते त्यांचं शिक्षण. अर्ध्या तासात डोकं स्वच्छ झालं. सर दारात उभे राहून बघत होते. दुसऱ्या दिवशी मावशींच्या हातची बादली गेली आणि चिमटा आला. विद्यार्थ्यांनी त्यांना काटेमावशी म्हणायला सुरुवात केली, आणि पगाराच्या दिवशी सोडलं तर त्यांचं खरं नाव कुणाच्या तोंडी उरलं नाही.

ती खोली मावशींना आजही जशीच्या तशी आठवते. तळमजल्यावरची, उत्तरेकडे एकच मोठी खिडकी असलेली. खिडकीखाली दगडी ओटा, त्यावर स्टोव्ह आणि ठोके पडून वेडंवाकडं झालेलं अॅल्युमिनियमचं पातेलं. तीन भिंतींना छतापर्यंत मांडण्या आणि मांडण्यांवर बरण्या, प्रत्येक बरणीत नाक खाली करून उभा राहिलेला एकेक मासा. फॉर्मलिननं डोळे चुरचुरायचे. कितीही साबण लावा, हातांचा वास जायचा नाही, आणि बसमध्ये मावशींच्या शेजारची जागा हमखास रिकामी राहायची. त्या तो आपल्या हुद्द्याचा मान समजायच्या.

कामाला घाई चालायची नाही. पातेल्यातलं पाणी कुरकुरलं पाहिजे पण उकळी फुटता कामा नये; उकळी फुटली की कवटीचे सांधे सुटतात आणि मग बसा कोडं सोडवत. मांस सैल झालं की दातांचा जुना ब्रश, मग चिमटा, मग पिन. खालचं पाणी चाळणीतून ओतायचं, हाडं टिपकागदावर वाळवायची. शेवटी सर भिंगाखाली दात मोजायचे आणि चिठ्ठीवर लिहायचे: डावीकडे चार, उजवीकडे चार. त्याच चिठ्ठीच्या कोपऱ्यात ते मावशींच्या कामाला शेरा द्यायचे. शेरे तीनच होते. बरा, चांगला आणि सरस. पहिल्या सहा वर्षांत मावशींना पुष्कळदा 'चांगला' मिळाला, 'सरस' एकदाही नाही. सर शेऱ्याच्या बाबतीत भलते चिक्कू होते.

सातव्या वर्षी सर डोंगराकडच्या एका नदीवर जाऊन आले आणि येताना एका डोहातून तीन मासे घेऊन आले. पितळी झाक, मिशा आखूड, पाठीवरचा पर जरा मागे सरकलेला. पुन्हा मिळतील याची खात्री नव्हती, कारण त्या डोहावर धरण येणार होतं, आणि पुढं आलंही. सरांनी दोन मासे, कायमचा पुरावा म्हणून, न कापता जसेच्या तसे बरणीत ठेवले आणि एकच मावशींच्या हवाली केला.

"मावशी, हा एकच आहे. डोळ्यांत तेल घालून करा."

मावशींनी त्या माशासाठी नेहमीची चाळणी वापरलीच नाही. घरून चहाची बारीक जाळीची गाळणी आणली, न जाणो काही वाहून गेलं तर. आणि पाणी गाळताना त्या गाळणीच्या तळाशी, तांदळाच्या कणीपेक्षाही लहान, एक दात सापडला.

त्यांनी डावीकडचं हाड उचलून भिंगाखाली धरलं. रांगेत चार दात होते आणि टोकाला, चौथ्याच्या पुढं, थोडासा खळगा दिसत होता. म्हणजे दिसत असावा. घाबरलेल्या माणसाला खळगा कुठंही दिसतो. आपण पिन जोरात लावली आणि दात मोडला, अशी मावशींची खात्रीच झाली. सर वरच्या मजल्यावर वर्गावर होते. कोपऱ्यात स्टुलाचा पाय चिकटवायला आणलेल्या सरसाची डबी होती. मावशींनी सुईच्या टोकावर थेंबाचा दहावा हिस्सा सरस घेतला, चिमट्यानं दात उचलला आणि त्या खळग्यात बसवला. इतका बेमालूम बसला की त्यांना स्वतःलाही सांधा दिसेना. मोडलं ते आपण जोडलं, यात लबाडी केली असं त्यांच्या मनातही आलं नाही. सर आले की सांगू, असंच त्यांनी ठरवलं होतं.

सर आले, भिंगावर वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग त्यांनी चिठ्ठी लिहिली, काही न बोलता मावशींपुढं सरकवली आणि लगबगीनं ग्रंथालयाकडे निघून गेले. मावशींनी चिठ्ठी वाचली. डावीकडे पाच, उजवीकडे चार. आणि कोपऱ्यात एकच शब्द: सरस.

मावशींची पाचावर धारण बसली. सरांनी सरस ओळखला. वर तोंडानं बोललेसुद्धा नाहीत, फक्त लिहून गेले. ती सगळी दुपार मावशी ओट्याशी उभ्या होत्या. नोकरी गेली तर लेकीच्या शाळेचं काय, नवऱ्याला काय सांगायचं, एवढं सगळं त्यांनी ठरवून टाकलं. संध्याकाळी सर पळतच परत आले, हातात चार जाडजूड पुस्तकं, आणि लहान मुलासारखे हसत म्हणाले, "मावशी, असं काम मी आजवर पाहिलं नाही. सरस म्हणजे काय, सरसच."

मावशींचा जीव भांड्यात पडला, आणि सांगायचं होतं ते त्याच भांड्यात राहिलं. इतक्या कौतुकानंतर 'तो दात माझ्या हातून मोडला होता' हे तोंडातून निघेना. निघालं असतं तर, असं त्या पुढं हजारदा मनात म्हणाल्या.

त्या माशाच्या सगळ्या भाऊबंदांना दोन्हीकडे चार-चार दात असतात. या एकालाच पाच. दोन वर्षांनी सरांचा लेख छापून आला आणि मासा नवा ठरला. नव्या माशाला शास्त्रीय नाव द्यावं लागतं, आणि सरांनी ते मावशींच्या नावावरून दिलं. त्यांच्या खऱ्या नावावरून, मागे लॅटिनची छोटी शेपटी जोडून. लेखात तसं छापलंही होतं, की ज्या हातांनी हा दात सुखरूप बाहेर काढला त्यांच्या सन्मानार्थ.

लेक तेव्हा तेरा वर्षांची होती. "माझ्या मैत्रिणींच्या आयांच्या नावानं साधी गल्लीसुद्धा नाही," ती म्हणाली, "आणि तू चक्क मासा आहेस." वर्षभर तिनं आईला 'अगं मासोळे' म्हणून हाक मारली. नवऱ्यानं लेखाचं पहिलं पान ट्रकच्या काचेला आतून चिकटवलं. त्यातलं एक अक्षर त्याला कळत नव्हतं, पण बायकोचं नाव लागत होतं.

आणि सरांचा तो तास. दर वर्षी कधीतरी सर त्या डोहातला एक मासा बरणीतून काढून, सोबत ती दातांची जोडी घेऊन, वर्गात न्यायचे. दाराशी स्टूल टाकून बसायचा मावशींना हक्क होता. सर सांगायचे, "फार पूर्वी या घराण्यात सगळ्यांनाच पाच दात होते. मग पिढ्यान् पिढ्या एकेक शाखा फुटत गेली आणि एकेक दात कमी होत गेला. आपल्याकडचे सगळे धाकट्या पातीचे. पण एका डोहात, कुणाच्या नजरेला न पडता, थोरली पाती तग धरून राहिली. अर्धी. उजवीकडचा दात तिनं टाकला, डावीकडचा अजून सोडवत नव्हता." हे शेवटचं वाक्य म्हणताना सरांचा आवाज दर वर्षी हलायचा. मागच्या बाकावरची टवाळ पोरंसुद्धा गप्प बसायची.

लेख छापून आला त्याच्या पुढच्याच वर्षी सरांनी एक नवी रीत आणली. लहान मासा औषधात ठेवून त्याचं मांस काचेसारखं आरपार करायचं आणि हाडं लाल रंगवायची. मावशींनी भिंगातून पाहिलं तर घशाच्या हाडावर लाल दातांची रांग, आणि रांगेच्या बाजूला, मांसात नुसतेच तरंगत असलेले आणखी काही लाल ठिपके.

"हे काय, सर?"

"राखीव दात. रांगेतला एक पडला की यातला एक जाऊन त्या जागी बसतो. तोवर हाडाला चिकटलेला नसतो. तुम्ही मासा उकडता ना, तेव्हा हे सुटून खाली जातात. चाळणीतून वाहून जात असतील."

मावशींची दातखीळ बसली. त्यांनी काही मोडलं नव्हतं. पाचवा दात कुणी धरून ठेवला नव्हता, थोरली पाती वगैरे कुठं काही नव्हतं. रांगेबाहेर वाट बघत असलेला एक सुटा दात गाळणीत आला, आणि स्टुलाच्या सरसानं एका बाईनं एक नवा मासा तयार केला. वर त्याला स्वतःचं नाव लावून घेतलं.

त्यानंतर सर तेरा वर्षं शिकवत होते. तेरा वेळा मावशी दाराशी स्टुलावर बसल्या. दर वेळी त्या मनाशी म्हणायच्या, तास संपला की सांगायचं. तास संपायचा, सरांचा चेहरा उजळलेला असायचा, आणि मावशी ओले डोळे पुसत बरणीचं झाकण लावायच्या. सर निवृत्त झाले. आठ वर्षांनी मावशीही झाल्या. स्टोव्ह गेला, पातेलं कुणी नेलं कळलं नाही. पातेल्याची आठवण आली की मावशींना उगाच रडू यायचं, आणि माशाची आली की झोप यायची नाही.

निवृत्तीच्या चौथ्या वर्षी, एका गुरुवारी, विभागातून फोन आला. सरांच्या जागी आता एक तरुण बाई होती, सगळे तिला मॅडम म्हणत. ती फार प्रेमानं बोलली. "मावशी, आनंदाची बातमी आहे. सोमवारी तुमच्या माशाची ती दातांची जोडी आपण नव्या यंत्रात घालतोय. हाडाच्या आतलंसुद्धा दिसतं. दात मुळापासून बघता येणार."

मावशी फोन ठेवून खाली बसल्या. लेक आता चाळिशीला आलेली, त्या दिवशी घरीच होती. मावशींनी पहिल्यांदा तिला सगळं सांगितलं. लेकीनं हातातलं काम बाजूला ठेवून ऐकलं.

"आई, तू कशाला उकरून काढतेस? यंत्राला दिसायचं ते दिसेल. कुणी विचारलं तर म्हण, आठवत नाही. तुझं वयही आता आठवत नाही म्हणण्याचंच आहे."

"यंत्राचं मला काही नाही गं. पण सरांना ते त्या पोरीच्या तोंडून कळेल."

"कळू दे."

"तेवढंच नको," मावशी म्हणाल्या.

शनिवारी सकाळी त्या सरांच्या घरी गेल्या. दार सरांच्या पत्नीनं उघडलं. त्या शाळेत शिकवायच्या, म्हणून मावशी त्यांना बाई म्हणायच्या. बाई म्हणाल्या, "या, या. आज कुणीतरी माशांवर बोलायला आलं." सर खिडकीपाशी बसले होते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध धुकं धरलं होतं. कडेकडेचं दिसायचं, समोरचं नाही. ते मान तिरपी करून मावशींकडे बघत हसले.

मावशी वाटेत सात प्रकारे वाक्य जुळवत आल्या होत्या. सातही विसरल्या. "सर, आपल्या माशाचा पाचवा दात मी चिकटवलाय," असं एकदम म्हणून मोकळ्या झाल्या. मग गाळणी, सरस, चिठ्ठी, सगळं क्रमानं सांगितलं. बाई चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या, त्या दाराशीच थांबल्या.

सरांनी मान पुन्हा तिरपी करून मावशींचा चेहरा शोधला. मग विचारलं, "राखीव दाताचं तुम्हाला कधी कळलं?"

"आरपार मासे करायला लागलो तेव्हा. तुम्हीच दाखवलात."

"म्हणजे लेखाच्या पुढच्या वर्षी." सर बोटांवर मोजत होते. "पंचवीस वर्षं. त्यातली तेरा वर्षं मी दर वर्षी त्या माशावर पूर्ण तास बोलायचो, आणि तुम्ही दाराशी बसून ऐकत होतात."

"हो, सर."

"हे माहीत असताना."

"हो." मावशी खाली बघत म्हणाल्या, "तुम्ही इतकं सुंदर बोलायचात."

सर रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते खिडकीकडे तोंड करून बसले. मग अगदी हळू म्हणाले, "एका माशाचं दुःख नाही, मावशी. मासा परत भाऊबंदांत जाईल, नाव खाली जाईल. पण त्या मांडण्यांवर तुम्ही साफ केलेल्या चारशे अकरा जोड्या आहेत. माझं आयुष्यभराचं सगळं लिहिणं त्या जोड्यांवर उभं आहे. त्या मी कशाच्या जोरावर खऱ्या मानू?"

हे मावशींच्या मनात कधीच आलं नव्हतं. पंचवीस वर्षं त्या एका दाताला भीत होत्या. बाकीच्या हजारोंना कुणी बोट लावेल, असं त्यांना वाटलंच नव्हतं.

"बाकीचे जसे निघाले तसेच आहेत, सर. मी पुन्हा कधी सरसाला हात लावला नाही."

बाईंनीच शेवटी चहा पुढं केला. तो निवल्यावर सर म्हणाले, "मॅडमला आजच फोन करतो. आणि सोमवारी अकराला विभागात या. सगळे परत मोजू."

सोमवारी यंत्रात सरसाची रेघ अगदी स्वच्छ दिसली. मॅडम भली होती. तिनं एक शब्द वावगा काढला नाही. उलट म्हणाली, "मावशी, एकदा छापलेलं नाव कधी पुसत नाहीत. त्याच्या भाऊबंदाच्या नावाखाली, बारीक अक्षरात, तुमचं नाव कायमचं राहतं. चुकीचं म्हणून, पण राहतं." सरांनी दुरुस्तीचा छोटा लेख सांगितला आणि मॅडमनं तो उतरवून घेतला. 'साफसफाईतील चूक' एवढंच त्यात घातलं होतं. मावशींनी, कुणी केली तेही लिहा, म्हणून हट्ट धरला, आणि ते लिहिलं गेलं.

मग मोजणी सुरू झाली. उत्तरेच्या खिडकीशी मॅडमनं त्यांना एक टेबल लावून दिलं. मावशी भिंगाखाली दात मोजायच्या आणि आकडा सांगायच्या. सर तेवढ्यावर थांबत नसत. ते हाड स्वतःच्या बोटात घ्यायचे आणि नखाच्या टोकानं, एकेक करून, रांगेवरून सावकाश जायचे. कधी कधी तीन-तीन वेळा. मग दात हळूच हलवून बघायचे. मग समोरच्या वहीत मोठ्या मोठ्या अक्षरांत आकडा लिहायचे. एकमेकांशी दुसरं काही बोलत नसत. पूर्वी त्याच खोलीत दोघांची दिवसभर बडबड चालायची, नदीची, हवेची, मुलांच्या परीक्षांची. आता मावशींना आपला श्वाससुद्धा ऐकू यायचा. घरी जाताना त्यांना वाटे, नसतं सांगितलं तर काय बिघडलं असतं. आणि सकाळी अकराच्या आधीच त्या विभागाच्या पायरीवर हजर असत.

पहिल्या आठवड्यात साठ जोड्या झाल्या. दुसऱ्यात सत्तर. जुन्या चिठ्ठ्यांशी एकही आकडा चुकला नाही. तरी सरांचं नख प्रत्येक दातावरून जातच होतं.

तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी, एकशे अठ्ठ्याहत्तरावी जोडी निघाली. मावशींनी आकडा सांगितला आणि सवयीनं हाड सरांच्या पुढं धरलं. सरांनी हात पुढं केला नाही. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते.

"तुम्ही सांगत चला," ते म्हणाले, "मी लिहितो."

मावशींनी हाड टिपकागदावर ठेवलं. पुढची चिठ्ठी उघडली, पुढचं हाड भिंगाखाली घेतलं. दात डोळ्यांपुढं पोहायला लागले, म्हणून डोळे पुसून पुन्हा पहिल्यापासून मोजले. सर पेन धरून वाट बघत होते.

"डावीकडे चार," मावशी म्हणाल्या. "उजवीकडे चार."

सरांनी लिहिलं.